तुमची फाईल नेमकी कुठे आहे? 'लोकल-फर्स्ट' निबंध जालन्यातून वाचताना

पेट-ची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून मला दर महिन्याला एक प्रश्न हमखास येतो. "ताई, डेटा क्लाउडवर ठेवू की लॅपटॉपवर?" प्रश्न साधा वाटतो, म्हणून उत्तरही साधंच मिळतं. कुणी म्हणतं क्लाउडच, लॅपटॉपचा काय भरवसा. कुणी म्हणतं हार्ड डिस्क घे आणि निवांत राहा. मीसुद्धा दोन वर्षं असंच काहीतरी सांगत होते. आज मात्र उत्तर न देता एक निबंध तुमच्यासोबत वाचायचा आहे, आणि तो कुठे पटतो, कुठे पटत नाही ते सांगायचं आहे. संशोधनाची तयारी म्हणजे शेवटी हेच. दुसऱ्याने सिद्ध केलेली गोष्ट आपल्या जमिनीवर उभी राहते का, ते बघणं.

निबंधाचं नाव 'लोकल-फर्स्ट सॉफ्टवेअर'. मार्टिन क्लेपमन, अ‍ॅडम विगिन्स, पीटर व्हॅन हार्डनबर्ग आणि मार्क मॅकग्रॅनॅगन हे चौघे लेखक. 2019 साली 'इंक अँड स्विच' या संशोधन गटाने तो प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी 'ऑनवर्ड' परिषदेत तो मांडला गेला. गंमत बघा, यातले विगिन्स हे 'हेरोकू' या क्लाउड कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. म्हणजे क्लाउडवर टीका करणारा माणूस क्लाउड बांधून आलेला आहे. त्यामुळे "यांना क्लाउड कळलाच नाही" असं म्हणून निबंध बाजूला सारता येत नाही.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. पूर्वी फाईल आपल्या मशीनवर असायची. ती आपली होती, पण दोघांनी मिळून काम करायचं तर हाल. मग गुगल डॉक्ससारखी साधनं आली, एकत्र लिहिणं सोपं झालं, पण मूळ प्रत कंपनीच्या सर्व्हरवर गेली आणि आपल्याकडे उरली फक्त तिची छाया. लेखक विचारतात, दोन्ही का मिळू नये? मूळ प्रत आपल्या मशीनवर, आणि सर्व्हर फक्त मदतीला. यासाठी त्यांनी सात आदर्श मांडलेत. काम पटकन उघडावं, एकाच यंत्रात अडकू नये, नेटवर्क नसलं तरी चालावं, सहकाऱ्यांबरोबर सहज करता यावं, वर्षानुवर्षं टिकावं, खाजगी राहावं, आणि शेवटचा ताबा वापरणाऱ्याचा असावा. मग ई-मेलची जोडपत्रं, वेब अ‍ॅप, ड्रॉपबॉक्ससारखी सिंक सेवा, गिट या सगळ्यांना त्यांनी या सात कसोट्यांवर घासून पाहिलं. कुणीच साती उत्तीर्ण होत नाही.

आता माझी गोष्ट सांगते. निबंधाशी माझं भांडण तिथूनच सुरू होतं.

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत मोसंबीच्या बागा तोडलेल्या शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीचं काय झालं हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. टँकरने पाणी घालून पंधरा-पंधरा वर्षांची झाडं जगवायचा प्रयत्न झाला, आणि शेवटी कुऱ्हाड. नऊ मुलाखती, मोबाईलवर रेकॉर्ड केलेल्या. जपून ठेवायच्या म्हणून मी त्या माझ्या शिक्षणसंस्थेने दिलेल्या क्लाउड खात्यावर टाकल्या आणि मोबाईलमधून उडवल्या, कारण मोबाईल भरला होता. पास होऊन तीन वर्षं झाली आणि संस्थेने जुन्या विद्यार्थ्यांची खाती बंद केली. सूचना आली होती म्हणे. ती त्याच खात्याच्या ई-मेलवर आली होती, जे मी उघडत नव्हते.

संस्थेला नुसता दोष देऊन भागत नाही. मागचं कारण तुम्हालाही माहीत असायला हवं. गुगलने शिक्षणसंस्थांना पूर्वी अमर्याद जागा दिली होती. फेब्रुवारी 2021 मध्ये त्यांनी जाहीर केलं की ती बंद होणार, आणि जुलै 2022 पासून संपूर्ण संस्थेला मिळून 100 टीबी. आकडा मोठा वाटतो, पण दहा हजार खाती असली तर माणशी 10 जीबी. मग पहिली कात्री कुणावर चालणार? बाहेर पडलेल्यांवर. खाजगी खात्यांचंही तेच चित्र. 1 जून 2021 पासून फोटोंची अमर्याद जागा गेली, आता जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून 15 जीबी. आणि दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचं धोरण डिसेंबर 2023 पासून लागू आहे. यातलं काहीही बेकायदेशीर नाही. अटी बदलल्या, इतकंच. तुम्ही भाडेकरू आहात आणि भाडेपत्र मालक एकतर्फी बदलू शकतो.

म्हणजे इथपर्यंत निबंध माझ्या बाजूने बोलतो. मूळ प्रत माझ्याकडे असती तर हे घडलं नसतं. बरोबर. मग भांडण कशाचं?

निबंधात ज्याला 'लोकल' म्हटलंय ते यंत्र एका माणसाचं आहे, चालू स्थितीत आहे, आणि ते त्या माणसाच्या ताब्यात आहे, असं गृहीत धरलेलं दिसतं. आता आपल्याकडे या. जालना शहर सोडून परतूर, मंठा, जाफराबाद कुठेही बघा. घरात एक लॅपटॉप, तो तीन भावंडांत. खरं यंत्र म्हणजे मोबाईल, आणि तो कायम भरलेला. प्रबंध टाइप होतो तो डीटीपीच्या दुकानात. माझ्या एका मैत्रिणीचा मराठीतला अख्खा प्रबंध चार वर्षं दुकानदाराच्या संगणकात होता. "ताई, फाईल आपल्याकडेच आहे, काळजी कशाला करता?" हे 'आपल्याकडे' म्हणजे कुणाकडे? क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा संगणक, असा टोमणा तंत्रज्ञानवाले मारतात. पण अहो, डीटीपीवाल्याचा संगणकही दुसऱ्याचाच की. फरक एवढाच की तो चौकात आहे आणि त्याला चहा पाजता येतो. हा फरक लहान नाही, हेही कबूल करते. गुगलला चहा पाजता येत नाही, आणि त्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसताही येत नाही.

निबंधातल्या सात कसोट्यांमध्ये 'हे यंत्र नक्की कुणाचं?' हा प्रश्न वेगळा विचारलेला नाही. क्लाउड विरुद्ध लोकल या मांडणीत जागेचा प्रश्न पुढे येतो आणि ताब्याचा प्रश्न मागे पडतो. जागा जवळ असूनही ताबा नसू शकतो. तुमच्या विषयातही असं जोडीचं वर्गीकरण दिसलं, शहरी-ग्रामीण म्हणा, औपचारिक-अनौपचारिक म्हणा, तर पहिल्यांदा हेच शोधा की त्या दोन खणांत न बसणारं काय आहे. आपल्या जिल्ह्यात ते बहुधा एखाद्या झेरॉक्सच्या दुकानातच सापडतं.

दुसरा मुद्दा टिकण्याचा. लेखक म्हणतात की फाईल स्वतःजवळ असली, की कंपनी बुडाली तरी काम टिकतं. पण तेही लगेच जोडतात की ती फाईल वाचणारं सॉफ्टवेअर चालत राहायला हवं. हे जोडलेलं वाक्य इंग्रजीत लिहिणाऱ्यासाठी सावधगिरीची सूचना असेल, मराठीत लिहिणाऱ्यासाठी तोच मुख्य विषय आहे. मैत्रिणीची ती फाईल शेवटी पेन ड्राइव्हवर मिळाली. पेजमेकरमध्ये, श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 7.0, ती 2001 ची. तिच्या लॅपटॉपवर ना पेजमेकर ना तो फॉन्ट. मजकूर वर्डमध्ये चिकटवला तर पानभर इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चित्रविचित्र खुणांचा सडा. कारण त्या जुन्या फॉन्टमध्ये 'क' हा संगणकाच्या लेखी 'क' नसतोच. कुठल्यातरी रोमन अक्षराच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट गेला की चित्र गेलं. फाईल शंभर टक्के लोकल, शंभर टक्के तिची, आणि शंभर टक्के अवाचनीय. देवनागरी युनिकोडच्या पहिल्याच, 1991 च्या आवृत्तीत आली, तरी आपल्याकडे प्रबंध त्यानंतरही कित्येक वर्षं असेच टाइप झाले. शोधगंगेवर जुने मराठी प्रबंध उघडून त्यातला एक परिच्छेद कॉपी करून बघा, मी काय म्हणते ते कळेल.

आणि याच ठिकाणी क्लाउडने आपल्यावर उपकार केलेत हे मान्य करायला हवं. गुगल डॉक्समध्ये तुम्ही मराठी लिहिता तेव्हा ते युनिकोडमध्येच लिहिलं जातं. दुसरा पर्याय नसतो, म्हणून चूक करता येत नाही. मराठी मजकूर एका यंत्रातून दुसऱ्यात सहीसलामत जाऊ लागला त्यात मोबाईलच्या कीबोर्डचा आणि या वेब साधनांचा मोठा वाटा आहे, असं माझं मत आहे. निबंधाच्या कोष्टकात वेब अ‍ॅपना टिकाऊपणात कमी गुण आहेत. मराठी प्रबंधाच्या हिशोबाने मी ते गुण थोडे वाढवले असते. ती त्या चौघांची पारख आहे, प्रयोगातून निघालेला आकडा नाही. कोष्टक दिसलं की आपण त्याला मोजमाप समजतो, ही सवय मोडा. गुण कुणी दिले आणि कशावरून, हे आधी विचारा.

आता निबंधाचा सगळ्यात सुंदर भाग, सीआरडीटी. नावाला घाबरू नका. ही डेटा साठवायची एक अशी रचना आहे की दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी, नेटवर्क नसताना बदल केले, तरी पुन्हा जोडले गेल्यावर दोघांच्या प्रती आपोआप एकसारख्या होतात. मध्ये पंच म्हणून सर्व्हर लागत नाही. समजा तुम्ही अंबडला बसून तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य दुरुस्त केलंत, आणि छत्रपती संभाजीनगरात तुमच्या गाईडने त्याच वेळी दुसऱ्या परिच्छेदात टीप घातली. संध्याकाळी रेंज आली की दोन्ही बदल दोन्हीकडे. लेखकांनी ट्रेलिस, पिक्सेलपुशर, पुशपिन असे प्रोटोटाइप बांधून हे चालतं असं दाखवलं, आणि अडचणीही लपवल्या नाहीत. बदलांचा इतिहास साठत जातो आणि प्रोग्रॅम जड होतो. दोन यंत्रांना मध्यस्थाशिवाय एकमेकांपर्यंत पोचवणं अजून अवघड आहे. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. तुमच्या प्रबंधातही मर्यादांचं प्रकरण असंच लिहा. 'वेळेअभावी' हे एकच कारण देऊ नका.

पण प्रती एकसारख्या झाल्या म्हणजे अर्थ जुळला असं नाही. गाईडने परिच्छेदच उडवला आणि तुम्ही त्याच परिच्छेदातला आकडा सुधारला, तर यंत्र काहीतरी एक निकाल देईल, दोघांना तोच देईल, आणि तो दोघांनाही नको असेल. तिथे माणसंच लागतात. आमच्या सरांची पद्धत विचाराल तर प्रिंट, लाल पेन, आणि "पुढच्या शनिवारी ये". या पद्धतीला सातपैकी किती गुण द्यायचे ते तुम्ही ठरवा. नेटवर्कशिवाय चालण्यात मात्र ती पैकीच्या पैकी.

नेटवर्कवरून आठवलं. 26 फेब्रुवारी 2024 ला अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत इंटरनेट काही तासांसाठी बंद होतं. त्यामागच्या आंदोलनाबद्दल इथे लिहीत नाही, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. त्या दिवशी मी गावी होते. म्हटलं, बरं झालं, प्रकरण लॅपटॉपवर आहे, शांतपणे लिहू. फोल्डर उघडलं, फाईल समोर दिसत होती, नावासकट, तारखेसकट. क्लिक केलं तर उघडेना. शेजारी ढगाचं छोटं चिन्ह. सिंक करणाऱ्या प्रोग्रॅमने जागा वाचवायला मूळ फाईल वर नेऊन ठेवली होती आणि माझ्याकडे फक्त तिची पाटी ठेवली होती. पाच वर्षं मी ज्याला 'लॅपटॉपवर आहे' म्हणत होते ते लॅपटॉपवर नव्हतंच. तेव्हा पहिलं काम आजच करा. वाय-फाय आणि मोबाईल डेटा बंद करा आणि तुमच्या पाच महत्त्वाच्या फाईली उघडून बघा. ज्या उघडत नाहीत त्या तुमच्याकडे नाहीत. फोल्डरवर राइट-क्लिक करून 'कायम या यंत्रावर ठेवा' अशा अर्थाचा पर्याय बहुतेक सिंक प्रोग्रॅममध्ये असतो, तो लावा.

मोठ्या फाईलींसाठी एक हिशोब सांगते. 2009 मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी क्लाउडवर एक गाजलेला अहवाल लिहिला. त्यात त्यांनी दाखवलं की 10 टीबी डेटा 20 एमबीपीएसच्या वेगाने पाठवायला 45 दिवसांहून जास्त लागतात, त्यापेक्षा डिस्क कुरियरने पाठवा, एका दिवसात पोचतील. हेच आपल्याकडे करून बघू. तुमच्याकडे 500 जीबी व्हिडिओ मुलाखती आहेत आणि अपलोडचा वेग 4 एमबीपीएस. दहा लाख सेकंद लागतील, म्हणजे साडेअकरा दिवस, तेही वीज न जाता. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर साठेक किलोमीटर. हार्ड डिस्क पिशवीत घालून लाल परीत बसलात तर दोन तासांत काम होतं. उलट 26 फेब्रुवारीसारख्या दिवशी संचारबंदीत डिस्क घेऊन निघणार कुठे, हाही प्रश्न आहेच. कुठलाही एक रस्ता कधीतरी बंद होतो.

म्हणून जुना 3-2-1 चा नियम अजून मोडीत निघालेला नाही. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. माझ्या बाबतीत लॅपटॉप, हार्ड डिस्क आणि क्लाउड. आणि हो, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे फाईल उडवली की तिकडेही उडते. नोव्हेंबर 2023 मध्ये गुगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप प्रोग्रॅममधल्या दोषामुळे काही लोकांच्या फाईली दिसेनाशा झाल्या होत्या, कंपनीला परत मिळवण्याचं साधन द्यावं लागलं. झोटेरो वापरत असाल तर त्याचं डेटा फोल्डर सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, डेटाबेस बिघडू शकतो. झोटेरोचं स्वतःचं सिंक वापरा. ते साधन बघितलंत तर निबंधातल्या कल्पनेच्या बरंच जवळ जातं. मूळ नोंदी तुमच्या यंत्रावर, सर्व्हर मदतीला, आणि नेट नसताना सगळं चालू.

आता शेवटचं भांडण, आणि माझ्यासाठी सगळ्यात जड. निबंधाचं उपशीर्षक वाचकाला सांगतं की डेटा तुमचा आहे. पण संशोधकाजवळचा डेटा त्याचा एकट्याचा असतो का? माझ्या त्या नऊ मुलाखतींत एका माणसाने किती कर्ज झालं, कुणाकडून घेतलं, बायकोचं काय मोडलं, सगळं सांगितलं होतं. हे गुगलच्या सर्व्हरवर असावं की माझ्या बिनकुलुपाच्या लॅपटॉपवर, यात त्याचं मत कुणी विचारलं? मी नव्हतं विचारलं. संमतीपत्रावर 'माहिती गोपनीय ठेवली जाईल' एवढं एक वाक्य होतं, ते मी आधीच्या एका प्रबंधातून उचललं होतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सवलत आहे, पण सवलत कायद्यापुरती. तुम्ही संमतीपत्र लिहाल तेव्हा त्यात लिहा की रेकॉर्डिंग कुठे राहील, किती वर्षं, कुणाला ऐकता येईल, आणि त्यांना हवी असल्यास प्रत कशी मिळेल. हार्ड डिस्कला पासवर्ड लावा, आणि लॅपटॉपच्या एन्क्रिप्शनची रिकव्हरी की कागदावर लिहून घरच्यांकडे द्या. कारण विंडोजमध्ये ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. म्हणजे लोकल कुलपाची किल्ली पुन्हा ढगातच.

शेवटची प्रत कुणाला द्यायची, हे मी मोसंबीवाल्यांच्या बाबतीत उशिरा शिकले. मागच्या वर्षी त्यातल्या एकाचा मुलगा अंबडच्या स्टँडवर भेटला. वडील वारले होते. म्हणाला, "ताई, तुम्ही दादांचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं ना? आमच्याकडं त्यांचा आवाज नाही कुठं." माझ्याकडे मुलाखतीच्या वेळची वही होती, हाताने उतरवलेली सतरा पानं. त्यांची झेरॉक्स काढून त्याला दिली. त्याने ती तिथेच उभं राहून दोन पानं वाचली आणि विचारलं, की हे "पाणी विकत घेऊन झाड जगवलं अन् झाड विकून पाणी फेडलं" असं दादा हसत म्हणाले होते का. मला आठवेना.